गावभर चुली

मी आणि ताई जुळ्या. मी डोंगरी, ती बेटकर.

एवढं सांगितलं की बाहेरगावचं गिऱ्हाईक आधी हसतं, मग आरशात माझ्या तोंडाकडे नीट बघतं, आणि मग त्याला वाटतं की बाईच्या हातात कात्री आहे तर गप्प बसलेलं बरं. माझं केस कापायचं दुकान आहे. पाटीवर 'केशकर्तनालय' लिहिलंय, पण तो शब्द उच्चारेपर्यंत केस वाढतात, म्हणून सगळे 'दुकान'च म्हणतात.

तर आमच्या गावात चार समाज. डोंगरी म्हणजे वरून, डोंगरातून उतरलेले. बेटकर बेटांवरून होड्या वल्हवत आलेले. पलीकडचे सीमेच्या पलीकडून चालत आलेले. आणि जुने, म्हणजे जे छातीवर हात ठेवून सांगतात की आम्ही कुठूनच आलो नाही, आम्ही इथलेच. हे सांगायला जुन्यांना फार आवडतं, कारण दुसरं काही सांगण्यासारखं त्यांच्याकडे नाही. रंग म्हणाल तर दुधाळ चहापासून कोऱ्या कॉफीपर्यंत सगळे आहेत. पण रंगावर माझा भरवसा नाही. चार दिवस उन्हात काम केलं की तो फितूर होतो. माझा भरवसा केसांवर. डोंगऱ्याचा केस सरळ आणि ताठ, अगदी त्याच्या स्वभावासारखा. बेटकराचा इतका कुरळा की आत हरवलेला कंगवा शोधायला दुसरा पाठवावा लागतो. पलीकडच्यांचा तांबूस, मऊ, बोटांतून निसटणारा. जुन्यांचा केस तिशीतच निरोप घेतो. जुने पुरुष माझ्याकडे येतात ते नुसत्या गप्पा मारायला.

आणि हे सगळे इतक्या पिढ्या एकमेकांत लग्नं लावत आलेत की एकाच डोक्यावर पुढे एक समाज आणि मागे दुसरा, हे मी रोज बघते. माझ्याच कपाळावर केस डोंगरी सरळ, आणि मानेवर बेटकरी कुरळे. ताईचंही तसंच. तीच मान, तेच कपाळ, तेच नाक, आणि नाकावर तोच राग.

मग ती बेटकर आणि मी डोंगरी कशी? तर आळीपाळीने. आमच्या गावात लग्न कुणीही कुणाशी करा, पोरांची वाटणी ठरलेली. पहिलं मूल बापाच्या समाजाचं, दुसरं आईच्या, तिसरं पुन्हा बापाच्या. नवरा-बायकोत भांडण नको म्हणून कधीकाळी कुणी शहाण्याने ही रीत घातली आणि ती अशी अंगवळणी पडली की इथं कुणाला त्यात नवल वाटत नाही. भावंडं एका ताटात जेवतात आणि दोन समाजांची म्हणून एकमेकांना चिडवतात. फक्त एक गोष्ट खपवून घेतली जात नाही. आपल्या वाट्याला आलं ते आपलं, दुसऱ्याच्या वाट्यात हात घालायचा नाही. आमच्याकडे चोराला लोक एकदा माफ करतील, पण बेटकर असून डोंगरी म्हणवणाऱ्याच्या घरी कुणी पाणी पिणार नाही.

आमचे बाबा बेटकर, आई डोंगरी. आम्ही जन्मलो तेव्हा सुईणीने पहिल्या बाळाच्या पायाला लाल दोरा बांधला. दुसरं आल्यावर तिने दोघींना एकाच टबात घातलं, आणि दोरा निघून पाण्यावर तरंगायला लागला. सुईण कपाळाला हात लावून बसली. आई खाटेवरून म्हणाली, "जी जास्त बोंबलतेय ती थोरली." झालं. ताई ताई झाली आणि बेटकर झाली, मी 'छोटी' झाले आणि डोंगरी झाले. पन्नाशी उलटली तरी ती मला 'छोटे' म्हणते आणि मला तिला 'ताई' म्हणावं लागतं. गावात सगळ्यांना ही गोष्ट माहीत आहे, पण ताईसमोर दोऱ्याचा विषय काढायची कुणाची टाप नाही. ती बेटकर मंडळाची अध्यक्ष आहे. होडीत पाय ठेवला की तिला मळमळतं, तो भाग वेगळा.

आता माझ्या जिवाला घोर लागला तो कशाने, ते सांगते. माझी लेक शाळेत डोंगरी वर्ग घेते. ती स्वतः पलीकडची. आमचे हे पलीकडचे, बस चालवतात, आणि पहिलं मूल बापाचं. पण डोंगरी बोली ती माझ्या आईच्या मांडीवर शिकली, आणि आता चारी समाजांची पोरं तिच्यापुढे बसून डोंगरी कोडी घालतात, डोंगरी शिव्याही शिकतात. सरकारचा नियम असा की ज्या समाजाची माणसं गावात शंभरात वीस तरी आहेत, त्याच्या बोलीचा वर्ग चालणार. त्याखाली घसरला की वर्ग बंद, नोकरी बंद. मग लेकीला दूर शहरात जावं लागणार. तिला तिथून बोलावणं आलेलंही होतं. तिने माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली, आणि मी ती दोनदा पुन्हा माळ्यावर टाकली.

"आई, मी रोज फोन करीन," ती म्हणाली.

"फोनला वेणी घालता येते का?" मी म्हटलं. एकुलती एक पोर आहे माझी. ती गेली असती तर आमचे हे दिवसभर बसवर, आणि घरात मी आणि माझा आवाज, दोघंच उरलो असतो.

अशात सरकारकडून माणसं मोजायला मोजणीबाई गावात आल्या. हातात टॅब, पायात घट्ट बूट, सुजलेले घोटे. पहिल्याच दिवशी धुळीने माखलेलं डोकं घेऊन त्या माझ्या दुकानात केस धुवायला आल्या. त्यांचे केस धुऊन मी टॉवेल गुंडाळला. शेजारच्या खुर्चीत आई बसली होती, डोक्यावर साबणाचा फेस घेऊन, आणि ताई तिला घरी न्यायला आली होती.

"बरंच झालं, तुमचं घर इथंच भरून टाकते," मोजणीबाई ताईला म्हणाल्या. "कुटुंबप्रमुख कोण?"

"मी," ताई म्हणाली. भाऊजी तिथं असते तरी तेच म्हणाले असते.

"समाज?"

"बेटकर!" ताईने हे असं म्हटलं की समोरच्या बाटल्या हलल्या.

मोजणीबाईंनी टक् करून बोट टेकवलं. "झालं. तुम्ही, तुमचे मिस्टर, मुलगा आणि आई. चार बेटकर."

चार कुठले बेटकर? भाऊजी आणि त्यांचा मुलगा जुने आहेत. इतके जुने की मुलाच्या डोक्यावर पंचविशीतच पहाट झालीय. आणि आई? आईने डोळ्यांवरचा फेस पुसला.

"मी कधी झाले बेटकर? मला तर अंघोळीच्या पाण्याचीसुद्धा भीती वाटते."

"आजी, यंत्रात तसंच आहे," मोजणीबाई समजुतीने म्हणाल्या. "कुटुंबप्रमुखाचा जो समाज, तोच घरातल्या सगळ्यांचा. मी एकच भरते, बाकीचे आपोआप भरतात."

माझ्या हातातून कंगवा पडला. आमच्याकडे डोंगरी म्हणजे मुख्यतः बायका आणि दुसरी मुलं. कुणाची बायको डोंगरी, कुणाची मधली पोरगी डोंगरी, कुणाची सासू. घराचा प्रमुख डोंगरी असा शोधूनच काढावा लागेल. म्हणजे या बाईंचं बोट जसं जसं टकटक करत जाणार, तसे तसे डोंगरी साबणाच्या फेसासारखे वाहून जाणार, आणि माझी लेक त्यांच्यामागे. मी स्वतःसुद्धा आमच्या ह्यांच्या नावाखाली पलीकडची होणार!

"अहो, पण आळीपाळी!" मी म्हटलं, आणि अर्धा तास त्यांना आळीपाळी समजावून सांगितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही दोघी... दोन समाजांच्या?"

"हो!" आम्ही एकदमच म्हणालो, एकाच आवाजात.

"यंत्राला हे झेपणार नाही," मोजणीबाई म्हणाल्या. वाईट बाई नव्हती हो, नियमात अडकलेली होती. टॅबवर बोट फिरवत त्यांनी वाचून दाखवलं, "कुटुंब म्हणजे एका चुलीवर शिजवून एकत्र जेवणारी माणसं."

आई फेसासकट उठून उभी राहिली. "एका चुलीवर? मग मी वेगळी चूल मांडते."

"आई!" ताई ओरडली. "लोक काय म्हणतील! आईला जेवू घालत नाही म्हणतील मला!"

"म्हणू देत. मी डोंगरी जन्मले, डोंगरी मरणार. आज जर तू मला बेटकर केलंस तर उद्या वर गेल्यावर माझी आई मला ओळखणार नाही."

मी मोजणीबाईंना कोपऱ्यात गाठलं. असं चालतं का? त्यांनी पुन्हा वाचलं. चालतं म्हणाल्या. माणसाने स्वतःच्या चुलीवर स्वतः शिजवायचं, स्वतः खायचं, आणि चूल पेटलेली व घास तोंडात गेलेला त्यांना दिसला पाहिजे. दुसऱ्याला घास दिला किंवा दुसऱ्याचा घेतला, की दोघं एक कुटुंब. वयाची अट? नाही. पोराला विचारलं तर पोर सांगेल तेच लिहिणार. आई-आजी-मुलगा एकाच छपराखाली? छपराबद्दल काही म्हटलेलं नाही.

"आणि शेजारणीकडे मीठ मागितलं तर?" मी विचारलं. आपण सगळं विचारून घेतलेलं बरं.

त्यांनी बराच वेळ शोधलं. "मिठाबद्दल काही लिहिलेलं नाही."

रविवारी सगळं गाव पुन्हा फिरून मोजायचं असं त्यांनी कबूल केलं. ताई मात्र फणकारली. नियम तो नियम, म्हणाली, सरकार म्हणतं बेटकर तर बेटकर. सगळं तिच्या मनासारखं झालं तर बेटकर गावात निम्मे होणार होते आणि मंडळाला स्वतःचं सभागृह मिळणार होतं.

"आणि माझी पोर?" मी विचारलं.

"शहरात जाईल, चार पैसे कमवील. तिचं भलंच होईल, छोटे. तू उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. हे माझ्यासाठी किती अवघड आहे ते गावाला विचारा.

आता गंमत अशी की ताईचं दुकान शेगड्यांचं. स्टोव्ह, शेगड्या, कढया, तवे. गावात तेवढं एकच. आणि संध्याकाळपर्यंत बातमी अशी पसरली की तिच्या दारात रांग लागली. हो, नुसत्या डोंगऱ्यांची नाही! बेटकराच्या घरातली जुनी बायको आली, जुन्याच्या घरातलं पलीकडचं मधलं पोर आलं, पलीकडच्याच्या घरातली बेटकर सासू काठी टेकत आली. प्रत्येकाला आपला वाटा हवा होता. ताईने आधी जाहीर केलं की असल्या फाजीलपणासाठी मी एकही शेगडी विकणार नाही. हे तत्त्व पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत टिकलं. तत्त्व आणि धंदा यांची तिच्याकडे वेगवेगळी कपाटं आहेत. शनिवारी दुकान रिकामं झालं. उरली ती काचेमागे नमुन्याला ठेवलेली एक शेगडी, एक पाय आखूड असलेली.

घरोघरी मातीच्या चुली, असं आपण म्हणतो. रविवारी आमच्या गावात घरोघरी तीन-तीन, चार-चार चुली, आणि त्याही कुठं कुठं! जिन्यावर चुली, गॅलरीत चुली, मोरीत चुली. पोस्टातल्या बाईंचा नवरा खिडकीच्या कट्ट्यावर अंडी उकडत होता आणि त्या स्वतः खालच्या अंगणात बटाटे तळत होत्या, आणि दोघं एकमेकांना वरून खाली शिव्या घालत होते की कांदा कुठं ठेवलास. दंतवैद्यांच्या घरात चार पोरं, दोन बापाच्या समाजाची, दोन आईच्या, त्यामुळे दोन पक्ष पडले होते आणि मधे खडूने रेघ मारली होती. सगळ्यात धाकटी, जेमतेम सात वर्षांची, कुटुंबप्रमुख म्हणून स्टुलावर बसली होती आणि आल्यागेल्याला सांगत होती, "आमच्याकडे आज भात आहे, पण तुम्हाला मिळणार नाही." लिहिताना अजून हसू येतं.

देता येत नाही हा त्यातला खरा छळ. आमचं गाव म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात डोकावल्याशिवाय घास न उतरणारं. त्या दिवशी आजी नातवाला भरवू शकत नव्हती. नवा नवरा बायकोच्या कढईतला वास घेऊन घेऊन अर्धमेला झाला होता. कुणी चुकून हात पुढे केलाच तर दहा जण ओरडत, "अरे, कुटुंब होईल! कुटुंब होईल!" रस्त्यात धूर इतका की सगळ्यांचे डोळे लाल, आणि त्या धुरात चारी समाज सारखेच काळे दिसत होते.

मोजणीबाई एका चुलीवरून दुसरीवर जात होत्या. बूट त्यांनी केव्हाच काढून हातात घेतले होते. चूल बघायची, घास बघायचा, समाज विचारायचा, टक्. वास घेऊन घेऊन त्यांच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं होतं की प्रश्न विचारताना त्या आवंढे गिळत होत्या. पण त्यांनाही कुणी काही देऊ शकत नव्हतं. न जाणो, त्याही आमच्यात मोजल्या गेल्या असत्या.

मी माझी चूल दुकानाच्या पायरीवर मांडली. आईने माझ्या शेजारी मांडली, कारण ताईच्या गॅलरीत वारा फार. आईने कितीतरी वर्षांनी स्वतः शिजवलं आणि इतकी खूश झाली की बसल्या बसल्या डोंगरी गाणं म्हणायला लागली. दोन हातांवर लेक आणि आमचे हे त्यांच्या चुलीवर बटाट्याचं रस्सेदार काहीतरी करत होते. लेकीने माझ्याकडे बघून रिकामा चमचा हवेत हलवला. मी पण हलवला. तिच्या हातचं खायला मिळेल की नाही, हे त्या टॅबमध्ये होतं.

दुपार कलली तेव्हा मोजणीबाई शेवटचं घर करून माझ्या पायरीवर येऊन बसल्या. त्यांच्यामागोमाग अर्धं गाव आलं. टॅबवर चार समाजांसमोर चार ठिपके होते. तीन हिरवे. डोंगऱ्यांचा लाल.

"किती कमी आहेत?" मी विचारलं.

"मला सांगता येत नाही. गुप्त असतं," त्या म्हणाल्या, आणि एक बोट नाकाशी नेऊन नाक खाजवायला लागल्या. बराच वेळ. एकच बोट.

एक माणूस! गर्दीत कुजबुज झाली. मग कोपऱ्यावरचा पाववाला, पलीकडचा, भला माणूस, आपली टोपी काढून पुढे आला. "लिहा की मला. मी डोंगरी. पोरीचा वर्ग वाचतोय ना?"

तुम्हाला खरं सांगते, मी हो म्हणणार होते. माझ्या जिभेवर आलं होतं. एका माणसाने काय होतंय, एक पाव इकडचा तिकडे. पण लेक उठून उभी राहिली.

"नको, काका. वर्गात मी पोरांना हेच शिकवते, की आपल्या वाट्याला आलं ते आपलं. तुमच्या खोटेपणावर वर्ग चालवला तर उद्या फळ्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?" मग ती माझ्याकडे वळली आणि हळू म्हणाली, "बॅग कुठं टाकलीस, आई?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं नव्हतं. पाववाल्याने टोपी पुन्हा घातली. गावात त्या क्षणी एकही माणूस असा नव्हता की जो खोटं न बोलता एका समाजातून दुसऱ्यात जाऊ शकेल.

होता. एक होता. आईच्या ते आधी ध्यानात आलं, कारण तिचं गाणं थांबलं आणि ती रस्त्याच्या टोकाकडे बघायला लागली.

तिकडून ताई येत होती. काखेत नमुन्याची शेगडी, हातात तवा, पदरात एक अंडं, आणि चेहरा असा की गर्दी आपसूक बाजूला झाली.

झालं होतं असं. ती जेवायला घरी गेली तर भाऊजी आणि मुलगा, दोघं जुने, एकाच चुलीवर तळलेले बटाटे खात बसले होते. तिने ताट पुढे केलं. भाऊजींनी कढई मागे घेतली. "कुटुंब होईल," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाने तिच्यासमोर पहिल्यांदाच काही मागे घेतलं! तिने मुलाकडे पाहिलं, तर तो आजीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. ताईच्या पोटात कावळे ओरडत होते, पण घरात तिच्यासाठी कुणीच शिजवणारं नव्हतं. भाऊजींच्या हातचं खाऊन खाऊन ती स्वतः चूल पेटवायचं विसरलीय. मग म्हणे ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. आईची खुर्ची रिकामी, आईची ताटली धुऊन पालथी. एका दिवसात हे असं, तर पोर कायमची गेली की छोटीच्या घरात कसं होईल, असं तिच्या मनात आलं. हे तिने मला नंतर सांगितलं, तेही दुसरीकडे तोंड करून.

तिने शेगडी माझ्या पायरीवर आपटली. आखूड पायाखाली माझा कंगवा सारला. चूल पेटवायला तिला चार काड्या लागल्या. पाचवी आईने दिली.

"काडीबद्दल काही लिहिलंय का?" आईने विचारलं.

"नाही," मोजणीबाई घाईघाईने म्हणाल्या.

"समाज विचारा," ताई म्हणाली.

"तुमचा तर बेटकर..."

"मी पायाला दोरा बांधून आले की न बांधता, ते मला माहीत नाही. हिला माहीत नाही. आईला विचारा, तिलाही माहीत नाही. मी कधी हे तोंडातून काढलं नाही, आज काढते." तिने दम घेतला. इतकी वर्षं मंडळाच्या सभेत छाती पुढे काढणारी बाई, तिचा आवाज चिरकला. "लिहा. डोंगरी."

 आणि मग माझंच डोकं चाललं, नको तेव्हा चालतं तसं.

"अगं, पण तू धाकटी म्हणजे मी थोरली! म्हणजे मी बेटकर! एक आली नि एक गेली, बेरीज तीच!"

"कानामागून आली आणि तिखट झाली!" ताई माझ्यावर खेकसली. "कोण थोरली ते कुणालाच माहीत नाही ना? म्हणजे तू धाकटी नाहीस असं कुणी म्हणू शकत नाही. मीही नाही असं कुणी म्हणू शकत नाही. आपण दोघीही धाकट्या!"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले. "मी खाटेवर होते. माझ्या लेखी दोघी एकदमच आल्या."

मोजणीबाईंनी टॅबवर बोट फिरवलं. वर, खाली, पुन्हा वर. "दोघी धाकट्या असण्याबद्दल," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या, "काहीही लिहिलेलं नाही. पण घास दिसला पाहिजे."

ताईने तव्यावर अंडं फोडलं. अर्धं तव्यात, अर्धं चुलीत. एका बाजूने काळं, दुसऱ्या बाजूने कच्चं, असं काहीतरी तिने उलथन्याने खरवडलं आणि अख्ख्या गावाच्या नजरेसमोर एक तुकडा तोंडात टाकला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. गिळता येईना, थुंकता येईना. मोजणीबाईंचं बोट टॅबवर अधांतरी.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "ताई, चिमूटभर मीठ दे गं."

मला ऐकू आलं होतं. पहिल्याच वेळी, स्पष्ट.

"काय म्हणालीस?"

"ताई म्हटलं, ताई! मीठ दे! ती बाई थांबलीय!"

मी मीठ दिलं. चिमटीतलं निम्मं तिच्या पदरावर सांडलं. तिने घास गिळला. टक् झालं. ठिपका हिरवा झाला तो मी पाहिलाच नाही. लोक ओरडले, कढया बडवायला लागले, लेक धावत येऊन माझ्या गळ्यात पडली, तेव्हा मला कळलं. मी ताईकडेच बघत होते.

मोजणीबाईंनी टॅब पिशवीत टाकला आणि चेन ओढली मात्र, सगळं गाव एकमेकांच्या ताटांवर तुटून पडलं. दिवसभर मागे घेतलेल्या सगळ्या कढया पुढे आल्या. मोजणीबाईंच्या मांडीवर सहा घरांच्या ताटल्या जमल्या. दंतवैद्यांची धाकटी आपला भात घेऊन प्रत्येकाला जबरदस्तीने भरवत होती, कारण तो कुणालाच नको होता.

ताईने तवा माझ्यापुढे सरकवला. त्यात ते काळं-पांढरं अंडं अजून निम्मं शिल्लक होतं.

"घे," ती म्हणाली. "थोरलीने आधी खायचं."

अंडं भयंकर होतं. मी सगळं खाल्लं.